मुंबई एका तासावर? घड्याळ नेमकं कुठून लावायचं ते आधी ठरवू

सोलापूर-मुंबई विमान सुरू झाल्यापासून एक वाक्य जिल्हाभर फिरतंय. 'मुंबई आता एका तासावर.' बॅनरवर तेच, भाषणात तेच, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तेच. टपरीवर चहा पिणारा, आयुष्यात कधी विमानात न बसलेला माणूससुद्धा सांगतो, "आता काय, तासाभरात मुंबई!"

आकडा खोटा नाही. नकाशावर पट्टी ठेवून सोलापूर ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर अंतर साधारण ३६० किलोमीटर भरतं. रस्त्याने तेच चारशेच्या घरात जातं आणि रेल्वेने ४५५ किलोमीटर. विमानाला ना भोर घाट चढायचा असतो, ना दौंडला थांबायचं असतो. त्यामुळे उडाल्यापासून उतरेपर्यंत तासभर, हे बरोबरच आहे.

पण हा तास विमानाचा झाला. माणसाचा किती?

आधीच सांगून टाकतो, कारण खाली लगेच "आला नकारात्मक" असं लिहिणारे आहेत. विमानाला माझा विरोध नाही. सोलापूरने या विमानासाठी किती वर्षं घालवली ते सगळ्यांना माहीत आहे. होटगी रोडचा विमानतळ होता, धावपट्टी होती, पण नियमित विमान नव्हतं. सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, गाव दोन गटांत विभागलं गेलं. शेवटी १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं. एवढी किंमत मोजून जे मिळालंय, ते टिकावं आणि उपयोगी पडावं असं वाटतं म्हणूनच हे लिहितोय.

मी बार्शीचा. त्यामुळे हिशोब बार्शीचा आणि सोलापूर शहराचा असा दोन्हीकडून मांडतो.

सोलापूर शहरातला माणूस घ्या. घरातून विमानतळ अर्धा तास. आत दीड तास आधी जावं लागतं, कारण देशांतर्गत विमानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि सुरक्षा तपासणी वेगळी. मग विमानाचा एक तास. मुंबईत उतरून, बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून फोर्ट किंवा मंत्रालय गाठायचं. मुंबई विमानतळापासून थेट विधान भवन, कफ परेडपर्यंत जाणारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली ही मोठी सोय झालीय. नाहीतर टॅक्सीत बसून ट्रॅफिकच्या भरवशावर राहावं लागायचं. तरी चालणं धरून एक तास. बेरीज करा. साडेचार तास.

आता बार्शीचा माणूस. तो आधी सत्तर किलोमीटर सोलापूरला जाणार. म्हणजे मुंबई पश्चिमेला आणि हा निघाला उलट्या दिशेला. वाटेत ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, टायर पंक्चर, काहीही होऊ शकतं म्हणून पावणेदोन तास तरी हाताशी धरावेच लागतात. बाकी सगळं तेच. बेरीज पावणेसहा तास.

याच बार्शीच्या माणसाने कुर्डुवाडीला जाऊन वंदे भारत पकडली तर? बार्शी ते कुर्डुवाडी छत्तीस-सदतीस किलोमीटर, स्टेशनवर थांबणं धरून तासभर. तिथून सीएसएमटी पावणेसहा तासांच्या आसपास. एकूण पावणेसात. आणि उतरला तो थेट फोर्टात.

म्हणजे सोलापूरकराचे पावणेतीन तास वाचले, बार्शीकराचा जेमतेम एक. पंढरपूर, मंगळवेढा, करमाळा, सांगोला इथल्या लोकांनी आपापला हिशोब करून बघावा. करमाळ्याच्या माणसाने मुंबईला जायला आधी सोलापूरला यावं हे तर ऐकायलाही बरं वाटत नाही.

आणि हा झाला जाण्याचा हिशोब. खरी गंमत परत येण्यात आहे.

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघायचं, साडेदहाच्या सुमारास पुण्यात. संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून बसायचं, रात्री दहाच्या सुमारास घरी. चार तास जायला, चार तास यायला. वेग काय फार नाही. पण मधले साडेसात तास अख्खे आपले. वकिलाला भेटा, डॉक्टरांना दाखवा, मुलाची ॲडमिशन करा, लक्ष्मी रोडला खरेदी करा. लॉजचा खर्च नाही, दुसऱ्या दिवसाची रजा नाही, रात्री आपल्या अंथरुणावर झोप. सोलापूरला पुणे जवळ वाटतं ते किलोमीटरमुळे नाही, या वेळापत्रकामुळे वाटतं.

आता वंदे भारत बघा. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. गाडी चांगली, वेग चांगला. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते. परतीची गाडी तिथून चारच्या सुमारास. म्हणजे मुंबईत हातात साडेतीन तास. त्यात मंत्रालयात सर्वसामान्य माणसाला आत सोडतात दुपारी दोननंतर. पास काढून, रांगेतून, लिफ्टने सहाव्या मजल्यावर जाईपर्यंत अडीच वाजतात. साहेब मीटिंगमध्ये. साडेतीनला परत निघालं नाही तर गाडी चुकते. एका तासासाठी साडेसोळा तासांचा फेरा. म्हणून आजही मुंबईचं काम एका दिवसात उरकायचं असेल तर जाणकार माणूस रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसच धरतो. रात्री झोपून गेलं, सकाळी मुंबईत, दिवसभर काम, रात्री परत त्याच गाडीने. आम्ही बार्शीकर लातूर-मुंबई गाडीने तेच करतो. कागदावर ही गाडी वंदे भारतपेक्षा हळू. पण कामाच्या माणसाला तीच वेगवान, कारण तिच्यामुळे मुंबईत पूर्ण दिवस मिळतो.

विमानाला हीच कसोटी लावा. विमान दुपारी आलं, दुपारीच गेलं, तर काय होतं? सोलापूरचा माणूस दुपारी उडाला, चार-साडेचारला मुंबईत बाहेर पडला. कचेऱ्या बंद होण्याची वेळ. मुक्काम आला. दुसऱ्या दिवशी काम करायचं, तर परतीचं विमान पुन्हा दुपारी. म्हणजे सकाळचे दोन-तीन तासच हातात. आणि आठवड्यातल्या ज्या दिवशी विमान नाही त्या दिवशी काम संपलं तर परतीला रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स आहेच. म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी दीड-दोन दिवस. सिद्धेश्वरने गेलेला माणूस तोवर घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसलेला असतो.

सकाळी सातला सोलापूर सोडणारं आणि संध्याकाळी मुंबईहून परत येणारं विमान असेल, तर त्याचा उपयोग दुप्पट नाही, चौपट होतो. विमान तेच, खुर्च्या त्याच, इंधन तेवढंच. फक्त घड्याळ बदललं.

मग असं वेळापत्रक का मिळत नाही? कारण सरळ आहे. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला किती विमानं उतरतील-उडतील याला मर्यादा आहे. सकाळ-संध्याकाळची वेळ सोन्याच्या भावाची. ती दिल्ली, बंगळूरच्या मोठ्या विमानांकडे आहे. छोट्या शहराच्या छोट्या विमानाला उरलेली वेळ मिळते. घरात पाहुणे जास्त झाले की लहान पोरांना शेवटच्या पंगतीला बसवतात ना, तसं.

यावर आता एक वाट निघालीय. नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि त्या डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. नव्या विमानतळावर चांगली वेळ मागता येते. आत्ताच मागितली तर. पाच वर्षांनी तिथेही पंगत भरलेली असेल. कुणी म्हणेल, नवी मुंबई म्हणजे मुंबई नव्हे. खरंय, मंत्रालयाच्या कामाला ते लांब पडतं, पण अटल सेतूवरून शिवडीला उतरता येतं. आणि खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात जाणाऱ्या पेशंटला तर तेच जवळ. शिवाय संध्याकाळी उशिरा सोलापुरात उतरायचं तर धावपट्टीला रात्रीच्या दिव्यांची सोय आणि परवानगी लागते. म्हणजे प्रश्न फक्त विमान कंपनीचा नाही. विमानतळाचा आहे, खासदारांचा आहे, पालकमंत्र्यांचा आहे.

"अहो, सुरू तर झालंय, वेळ-बीळ नंतर बघू" असं म्हणणाऱ्यांसाठी एक सरकारी आकडेवारी. केंद्राच्या उडान योजनेचं कॅगने ऑडिट केलं. २०२३ च्या त्या अहवालात काय आहे? ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत सवलत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरात चौपन्न! शंभरात सात!

लांब कशाला, आपल्या कोकणात बघा. चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये केवढ्या थाटात झालं. व्यासपीठावर कोण होतं, कोण काय बोललं, यावर आठवडाभर चर्चा. तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबईचं विमान बंद झालं. बंद होताना व्यासपीठ नव्हतं, नारळ नव्हता.

आपल्या सोलापूर-मुंबई विमानालाही राज्य सरकार निधी देतंय. व्यवहार्यता तफावत निधी असं त्याचं भारदस्त नाव. सोप्या भाषेत, कंपनीला खर्च भरून निघत नाही तेवढा फरक आपण भरतो. आपण म्हणजे आपण सगळे. विमानात कधीच न बसणारा शेतमजूर जो साबण, बिस्किट घेतो, त्याच्या करातूनसुद्धा. त्यात गैर काही नाही. रस्ते, रेल्वे, एसटी सगळंच तसं चालतं. पण ज्याचा पैसा जातो त्याला दोन प्रश्न विचारायचा हक्क आहे. विमान किती वेळा रद्द झालं? आणि निधी संपल्यावर काय?

निधी संपल्यावर विमान टिकतं ते भरलेल्या खुर्च्यांवर. खुर्च्या भरतात त्या सोयीच्या वेळेवर. वेळ गैरसोयीची ठेवायची, मग माणसं कमी आली की "प्रतिसाद नाही" म्हणून बंद करायचं, हा खेळ आपण एसटीच्या कितीतरी गाड्यांच्या बाबतीत पाहिलाय. आधी वेळ बदलते, मग दोन दिवस गाडी येत नाही, मग प्रवासी वडापने जायला लागतात, मग डेपो म्हणतो उत्पन्न नाही.

बार्शीकरांना तर हे सगळं जुनंच आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईहून सोलापूरकडे येणारी मोठी रेल्वे बार्शीला टाळून गेली. स्टेशनचं नाव मात्र 'बार्शी रोड'. तेच आजचं कुर्डुवाडी. नावात बार्शी, पण बार्शी तिथून तीस-पस्तीस किलोमीटर लांब. मुंबईहून बार्शी रोडपर्यंत माल आगगाडीने यायचा आणि पुढे बैलगाडीने. शेवटी १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटांची छोटी लाईन, आणि मग बार्शीची बाजारपेठ खऱ्या अर्थाने मुंबईला जोडली गेली. पुढे तीच लाईन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. 'बार्शी तिथं सरशी' म्हणतात, त्यात या छोट्या लाईनचाही वाटा आहे. मोठी गाडी किती वेगाने धावते याला गावाच्या लेखी अर्थ आला तो शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर जोडल्यावर.

आज तोच प्रश्न सत्तर किलोमीटरचा झालाय. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर इथून विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी विमानतळाच्या दारापर्यंत का नसावी? अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर ही तर देवस्थानं. बाहेरचा भाविक विमानाने येईलही, पण होटगी रोडला उतरल्यावर त्याने रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसायचं का? जाणारा प्रवासी स्वतःच्या गाडीचं पेट्रोल घालून, पार्किंग भरून येणार असेल, तर विमान फक्त गाडी असणाऱ्यांचं राहील.

विमानाचा फायदा कुणाला, हेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. सगळ्यात जास्त फायदा जाणाऱ्याला नाही, येणाऱ्याला आहे. सोलापूरच्या टॉवेलचा खरेदीदार, डाळिंबाचा निर्यातदार, कारखान्यासाठी जागा बघायला आलेला उद्योजक. हा माणूस सहा तास रेल्वेत बसणार नाही. तो विमान नसेल तर पुण्यात किंवा हैदराबादला थांबतो आणि धंदाही तिथेच थांबतो. त्याच्यासाठी एक तास हा खरंच एक तास आहे, कारण त्याला न्यायला दारात गाडी उभी असते. त्या एका कारणासाठीसुद्धा विमान हवं. पण मग भाषणात तसं सांगा. 'सर्वसामान्यांसाठी मुंबई एका तासावर' असं नका सांगू.

सर्वसामान्यांसाठी मुंबई खरोखर जवळ कशाने आली, ते सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सोलापूर जिल्हा त्यात आहे. जमिनीच्या वादाची अपील असणारा माढ्याचा शेतकरी आधी तारखेला मुंबईला जायचा. वकिलाची फी वेगळी, जाणं-येणं, मुक्काम, खाणं वेगळं, आणि तिथे गेल्यावर कळायचं की प्रकरण आज बोर्डावर आलंच नाही. आता तो कोल्हापूरला जातो. अंतर बरंच कमी. यासाठी धावपट्टी लांबवावी लागली नाही. तीन-चार दशकं वकिलांनी आणि पक्षकारांनी लावून धरलं, आणि माणसाला मुंबईला नेण्याऐवजी कोर्टच इकडे आणलं.

आमच्या बार्शीतलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल घ्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले कितीतरी पेशंट मुंबईला न जाता इथे उपचार घेतात. किमोथेरपी घेतलेल्या माणसाला विचारा, मुंबई एक तासावर असणं बरं की मुंबईला जावंच न लागणं बरं. तो काय उत्तर देईल ते तुम्हाला माहीत आहे.

मंत्रालयाचंही तेच. गावातला माणूस मंत्रालयात का जातो? हौस म्हणून नाही जात. तहसीलला दाद लागली नाही, कलेक्टर कचेरीत फाईल अडकली, म्हणून जातो. तालुक्याचं काम तालुक्यात झालं तर त्याचा मुंबईचा प्रवास शून्य तासांचा. यापेक्षा वेगवान विमान अजून कुणी बनवलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी पुढारी भेटले की "विमान आणल्याबद्दल अभिनंदन" जरूर म्हणा, पण हार घालताना कानात चार गोष्टी सांगा. एक, सकाळी नेणारं आणि संध्याकाळी आणणारं विमान, रोज. मुंबईला वेळ मिळत नसेल तर नवी मुंबईला मागा, पण आत्ता मागा. दोन, तालुक्यांपासून विमानतळापर्यंत वेळेला जुळणारी एसटी. तीन, निधी चालू आहे तोवर दर महिन्याला आकडे जाहीर करा. किती विमानं ठरली, किती उडाली, किती खुर्च्या भरल्या. चार, विमान आलं म्हणून रेल्वेची मागणी सोडू नका. वंदे भारतची परतीची वेळ दोन तास पुढे ढकलली तर मुंबईत साडेपाच तास मिळतील. सोलापूरला पोहोचायला रात्रीचे साडेबारा वाजून जातील हे खरं, पण सकाळी घरी असणं आणि मुंबईत लॉज शोधणं यात लोक काय निवडतील ते त्यांनाच विचारा.

आणि तुम्हीही एक करा. तुमच्या गावापासून मुंबईतल्या तुमच्या कामाच्या ठिकाणापर्यंत, दारातून दारापर्यंत, किती तास लागतात ते खाली लिहा. गाव, तालुका, कशाने गेलात, काम कशाचं होतं, किती वाजता निघालात आणि परत घरी किती वाजता टेकलात. विमानाने गेला असाल तर तेही लिहा, चांगला अनुभव असेल तर आवर्जून लिहा. शंभर जणांनी लिहिलं तरी आपल्याकडे जिल्ह्याचा खरा आकडा तयार होईल. तो घेऊन मी लोकप्रतिनिधींकडे जाणार आहे आणि ते काय म्हणाले तेही इथेच लिहीन.